मावशीची मरणं

"दार उघडं आहे. तू आत जावंस असं मात्र मी म्हटलेलं नाही."

कोमट पाणी. मीठ नको.

"हलू नकोस. त्यांना दिसत नाही. ऐकू येतं."

वरचं मशीन थांबलं का? थांबलं. चला.

"माझं नाव विचारू नकोस. खोटं सांगायचा कंटाळा आलाय."

स्टूल करकरलं. पुन्हा.

"नकाशा मी घेतला. जीव तुझ्याकडे राहू दे."

हसायचं नाही. हसून झाल्यावरचा श्वास हवा.

"तू मेलास तर मला वाईट वाटेल. थोडा वेळ."

*

वरच्या ओळी जुळत नाहीत, हे मला माहीत आहे. आमचं काम असंच चालतं. आधीचं नंतर, नंतरचं आधी. सांगायला बसलो तर तशाच क्रमाने तोंडात येतं.

ही घटना खरी आहे. पण ती कोणाला पटवून देण्याइतका जोर माझ्यात उरलेला नाही. पटली तर पटली.

इथे तुम्ही लिहिलेले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो. सुनसान रस्ता, बंद बंगला, रात्रीचा प्रहर. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. हे घडलं ते भर दुपारी, एका लाँड्रीखालच्या तळघरात. तिथे आमचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. खिडकी नाही. त्यामुळे दुपार काय आणि रात्र काय, आम्हाला सारखीच.

मी रेकॉर्डिस्ट. काचेच्या अलीकडे बसतो. काचेच्या पलीकडे केबिन. केबिनमध्ये एक माईक, एक स्टूल, पाण्याची बाटली.

आणि माझी ताई.

*

एक भयाचा व्हिडिओ गेम आहे. नाव सांगत नाही, करारात तसं लिहून दिलंय. गावात रोग पसरतो, माणसं माणसं राहत नाहीत, आणि खेळणाऱ्याने जीव वाचवत पळायचं. त्याचे भागावर भाग निघतात. आम्ही त्याचे मराठी आवाज करतो.

त्यात एक हेर बाई आहे. राखाडी कोट. कायम पाठमोरी. ती कोणाची हेर आहे ते तीन भाग झाले तरी कोणाला कळलेलं नाही. पहिल्या भागात ती तुम्हाला आगीतून ओढून काढते, आणि ओढता ओढता तुमच्या खिशातलं औषध काढून घेते. दुसऱ्यात ती तुमच्या तोंडावर दार लावते. तुम्ही तिला शिव्या देता. मग कळतं, दाराच्या आत जे होतं त्याने बाकी सगळ्यांना खाल्लं. तुम्ही बाहेर राहिलात म्हणून जगलात.

ती वाचवते. पण फुकट कधीच वाचवत नाही.

तिला गेममध्ये नाव नाही. आमच्या मास्तरांनी तिचं नाव मावशी ठेवलं. मास्तर म्हणजे आमचे डबिंगचे दिग्दर्शक. आधी शाळेत नाटक शिकवायचे. अजूनही "पुन्हा वाच" असं म्हणतात की हात आपोआप पुढे यावा, छडी खायला.

"माय मरो, पण मावशी जगो," मास्तर म्हणाले होते. "ही बया मरायची नाही. बघाच."

मावशीचा आवाज ताईचा.

आई गेल्यावर आमच्या घरात मोठा आवाज एकटा तिचाच होता. मला उठवायला, भाजीवाल्याशी घासाघीस करायला, माझ्या मार्कांवर रडायला. त्या आवाजाला एक धार होती. ती धार मावशीला अशी बसली की लोक गेम खेळून झाल्यावर आम्हाला विचारायचे, ही बाई खऱ्या आयुष्यात पण अशीच आहे का?

खऱ्या आयुष्यात ती मला ठोंब्या म्हणते आणि पंखा बंद केला नाही म्हणून ओरडते.

ओरडायची.

*

चौथ्या भागाच्या वेळी ताईचा आवाज फुटायला लागला होता. सकाळी घोगरा. दुपारी त्याहून घोगरा. संध्याकाळी नुसती हवा.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं.

"गाठी आहेत," त्या म्हणाल्या. "महिनाभर गप्प बसा. कुजबुजायचंही नाही. कुजबुज ओरडण्याइतकीच वाईट."

"काम अर्धं झालंय हो."

"काय काम असतं?"

"बोलायचं. आणि शेवटी... थोडं किंचाळायचं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "किंचाळलात तर आवाज परत येईलच असं मी सांगू शकत नाही. मग माझ्याकडे येऊ नका."

घरी येताना ताई रस्ताभर बोलली नाही. जिन्यात म्हणाली, "माझ्याकडे येऊ नका म्हणे. मग कोणाकडे जायचं, सुताराकडे?"

आता किंचाळायचं कशासाठी, ते सांगतो.

या भागात पहिल्यांदाच मावशी खेळणाऱ्याच्या हातात देणार होते. तुम्ही स्वतः मावशी होऊन खेळायचं. म्हणजे तुम्ही चुकलात की मावशी मेली. म्हणजे मावशीच्या मरणाचे आवाज हवेत. बुडून मेल्याचा. जळून मेल्याचा. उंचावरून पडल्याचा. गळा आवळल्याचा. चावून मारल्याचा.

"चावून म्हणजे कसं ओरडू?" ताईने विचारलं होतं.

"कोणीतरी तुझा लचका तोडतंय असं समज, पोरी," मास्तर म्हणाले.

"समजायचं कशाला? घरी ठोंब्या आहे."

"आणि हे मरण किती वेळा?" तिनेच पुढे विचारलं.

"खेळणारा जितका मठ्ठ, तितक्या वेळा."

किंचाळ्या नेहमी सगळ्यात शेवटी घेतात. आधी घेतल्या तर घसा जातो आणि बोलायचं राहून जातं. म्हणून मावशीची मरणं शेवटच्या दिवसावर ठेवली होती.

मी ताईला म्हटलं, मरणं दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ.

गेम काढणाऱ्या कंपनीचा नियम होता. एका पात्राला एकच आवाज. मरणं दुसरीची, तर मग वाक्यंही दुसरीची. ताईची सगळी मावशी पुसायची.

"माझी मावशी दुसऱ्या बाईच्या तोंडून मरणार?" ताई म्हणाली. मग, "बघू. दमलेय रे मी. उद्या बघू."

ते "उद्या" आम्ही रोज पुढे ढकलत होतो.

*

अजून एकच गोष्ट समजावतो. मग मध्ये थांबणार नाही.

प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. पूर्ण शांत खोली जगात नाही. तारांची बारीक गुणगुण, भिंतींचा दाब, असं काहीतरी असतंच. दोन वाक्यांमधली जागा आम्ही त्या शांततेने भरतो. नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी रिकाम्या केबिनची शांतता रेकॉर्ड करायची. केबिनमध्ये कोणी नाही. दार बंद. वरचं लाँड्रीचं मशीन बंद.

कोणी नाही, हेच रेकॉर्ड करायचं.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यानंतरच्या पहिल्या दिवशी मी ते केलं. हेडफोन लावून ऐकलं. आवाज वाढवला.

गुणगुण...

गुणगुण...

आणि मग... कोणीतरी श्वास आत घेतला.

मी वाट पाहिली.

श्वास बाहेर आलाच नाही.

मास्तरांना ऐकवलं. ते म्हणाले, "एसीची नळी. तिला पण दमा झालाय आपल्यासारखा." पुसून टाकलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. श्वास आत... आणि मग नुसती खोली.

दुसऱ्या दिवशी स्टूलचं तोंड भिंतीकडे होतं.

माईककडे पाठ करून कोण बसतं?

"तू बसली होतीस का अशी?" मी ताईला विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. बोलणं वाचवायला ती आता खुणांनीच काम भागवायची. मग तिने स्टूल सरळ केलं. बसली. मावशीची वाक्यं म्हणायला लागली. प्रत्येक वाक्याला तिचा चेहरा काटा गिळल्यासारखा व्हायचा. मी काचेतून बघत होतो. भावाने बघू नये असं ते होतं.

तिसऱ्या दिवशी रिकाम्या केबिनच्या शांततेत... एक वाक्य होतं.

"तिला बाहेर थांबव."

ताईचाच आवाज. मी तो झोपेतही ओळखेन. पण आत्ताचा नाही. घोगरा नाही. त्याला ती जुनी धार होती. पहिल्या भागातली.

मी मास्तरांना हाक मारली.

"जुनी फाईल चिकटली असेल," मास्तर म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. जुन्या तिन्ही भागांचं सगळं आम्ही चाळून पाहिलं. मावशी हे वाक्य कुठेच म्हणत नाही.

ताईने हेडफोन लावून ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिने डोळे मिटले.

मला वाटलं, घाबरली.

"किती छान होता रे माझा आवाज," ती म्हणाली.

*

शेवटचा दिवस. मरणांचा.

दुपार होती. वर लाँड्रीचं मोठं मशीन धडधडत होतं. छताच्या पाइपांतून ती धडधड आमच्या केबिनमध्ये उतरते. लाँड्रीवाल्याशी ठरलेलं होतं, पण तो विसरला. मास्तर त्याला झापायला वर गेले.

ताई माझ्या शेजारी उभी होती. हातात कोमट पाण्याचा पेला. केबिन रिकामी. दार बंद.

"किंचाळते," ती म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे. मग झोपते दोन दिवस."

"नको ना ताई."

"पोट कशावर भरायचं? तुझ्या चेहऱ्यावर?"

तेवढ्यात वरचं मशीन थांबलं. मी सवयीने बटण दाबलं. शांतता घ्यायला. हात आपोआप जातो.

केबिनवरचा लाल दिवा लागला.

गुणगुण...

गुणगुण...

आणि मग... श्वास.

या वेळी तो बाहेर आला. किंचाळी होऊन.

पडद्यावरची रेघ उसळून वर गेली. मी हेडफोन ओरबाडून काढले तरी आवाज येत होता. काचेतून. आमची काच आवाज सोडत नाही, तरी.

पाण्यात बुडणारी बाई. बुडबुड्यांत गुदमरलेली हाक. मग शांतता.

मग जळणारी.

मग पडणारी. ती पडतच राहिली... पडतच राहिली...

मग गळा आवळलेली.

मग ते शेवटचं. चावल्याचं. ते मी लिहिणार नाही.

केबिनमध्ये काहीच हललं नाही. स्टूल जागेवर. बाटली जागेवर. फक्त माईकपुढची ती बारीक जाळी असते ना, तोंडाची हवा अडवायची... ती दर किंचाळीला आत दबत होती.

ताईने एक हात स्वतःच्या गळ्याला लावला होता. दुसऱ्या हातातलं पाणी हिंदकळून माझ्या मांडीवर सांडत होतं. तिचं तोंड बंद होतं. हे मी पुन्हा लिहितो. तिचं तोंड बंद होतं.

सगळी मरणं झाली.

मग खोलीची शांतता.

मग तोच आवाज, अगदी निवांत, काचेच्या जवळून...

"हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस."

दिवा विझला. मी बटणाला हात लावला नव्हता.

*

मी ती फाईल पुसायला निघालो होतो. बोट कळीवर होतं.

ताईने माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे."

"ताई, ही तू नाहीस!"

"माहीत आहे."

"मग?"

ती खुर्चीत बसली. बसली म्हणजे कोसळली. इतकी दमलेली मी तिला आई गेली तेव्हाही पाहिली नव्हती.

"मरणं चांगली झालीत," ती म्हणाली. "माझ्याकडून अशी झाली नसती. पाठव."

"ती काहीतरी घेईल. मावशी फुकट काही करत नाही, तूच म्हणतेस ना?"

"घेऊ दे रे. घ्यायला माझ्याकडे ठेवलंय काय आता?"

दार ढकलून मास्तर आत आले. कपाळाला घाम.

"पोरी, काय जीव काढलास आज! वरपर्यंत ऐकू आलं. लाँड्रीवाला मशीन सोडून बाहेर फुटपाथवर जाऊन उभा आहे. म्हणतो, खाली कोणाला मारताय का?"

ताई हसली. मास्तरांना काही सांगितलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी फाईल गेली. मीच पाठवली. ती म्हणाली म्हणून.

*

महिनाभर ताई गप्प बसली. घर इतकं शांत कधी नव्हतं. पंखा चालू राहिला तरी कोणी ओरडेना.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. खूप वेळ पाहिलं.

"गाठी दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही नाही. असं होत नाही खरं तर."

ताई दवाखान्याच्या दारातच मोठ्याने बोलली. स्वच्छ, धारदार. "ठोंब्या, चप्पल घाल आणि चल, भूक लागलीय." मी रस्त्यात रडलो. ती म्हणाली, लोक बघतायत.

पुढच्या आठवड्यात फ्रिजच्या जाहिरातीचं काम होतं. अगदी लहान.

ताई केबिनमध्ये गेली. मी दिवा लावला. तिचे ओठ हलले.

हेडफोनमध्ये काहीच नाही.

मी वायर बदलली. माईक बदलला. दुसऱ्या भोकात लावला. तिचे ओठ हलत होते. पडद्यावरची रेघ सरळ. नुसती खोलीची गुणगुण.

मी दार उघडून आत गेलो. आत तिचा आवाज खणखणीत होता. "काय रे, ऐकू येतंय ना?"

"मी बोलून बघतो," मी म्हटलं. माईकपुढे उभा राहून नाव, गाव, काय वाटेल ते बोललो. सगळं रेकॉर्ड झालं.

मग ती बोलली. काही नाही.

मग तिने माझा फोन घेतला आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात लावला. तिकडून आवाज आला, "हॅलो? हॅलो? कोण आहे?" ताई बोलत होती. माझ्या कानाशी, मोठ्याने, नाव सांगत होती.

"कोणी बोलतच नाही," तिकडची बाई दुसऱ्या कोणाला तरी म्हणाली. फोन कट.

माणसांना ताई ऐकू येते. यंत्रांना येत नाही. ते अजून तसंच आहे.

*

ताई आता वरच्या लाँड्रीत काउंटरवर बसते. "इथे माणसांशी बोलावं लागतं," ती म्हणते. "मशीनशी मशीनने बोलावं." लाँड्रीवाला तिला घाबरून असतो. काम चांगलं करते, असंही म्हणतो.

पाचव्या भागाच्या वेळी मास्तरांचा फोन आला. "मावशीची वाक्यं पोहोचली म्हणे कंपनीला. मला न विचारता कधी घेतलीत रे? पण झालीत छान."

मी काही पाठवलं नव्हतं. तेवढंच बोललो. मास्तरांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग फोन ठेवला. ते आता डबिंग करत नाहीत.

हेडफोनमधला ताईचा आवाज ऐकावासा वाटला की मी चौथा भाग लावायचो. लपून. मावशी बोलते तेवढं ऐकायचो. पण मी खेळतो वाईट. मी चुकायचो. मावशी मरायची.

एकदा ती बुडाली, तेव्हा आतल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला.

मी धावत गेलो. ताई भिंतीला धरून उभी होती. तोंड उघडं. श्वास आत घेतलेला...

आत...

बाहेर येईना.

मग आला. ती खाली बसली. भांडं उचललं.

"बाकी कशानेही मार," ती म्हणाली. "बुडवू नकोस रे."

त्या दिवशी मी तो गेम घरातून काढून टाकला. पण माझ्या एकट्याच्या घरातून काढून काय होतंय? तो कुठे कुठे पोहोचलाय. खेळणारी पोरं असतील, मोठी माणसं असतील, नवखे, मठ्ठ.

दुपारी जेवायला मी वर जातो. काउंटरवर ती कोणाला तरी पावती देत असते, चादरींवरून हुज्जत घालत असते. आणि मध्येच थांबते. काउंटरची कड घट्ट धरते. समोरचा माणूस विचारतो, काय झालं हो?

ती हात वर करते. थांबा म्हणून. थोडा वेळ जातो.

"काही नाही," ती म्हणते. "कोणीतरी चुकलं."

आणि पुन्हा चादरी मोजायला लागते.

सुट्टीच्या दिवसांत हे जास्त होतं. रात्री मी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन श्वास ऐकतो. आत गेला... बाहेर आला. आत गेला... बाहेर आला. सगळे झोपले असतील अशी वेळ होईपर्यंत मी तिथे उभा असतो. पण सगळे एकदम कधीच झोपत नाहीत, हे मला आता कळलंय.

तिने मावशीला कधीच शिवी दिलेली नाही. मी दिली, तर म्हणते, "गप रे. मला बोलता येतंय ते तिच्यामुळे."

ते खरंही आहे.

पहिल्या भागाच्या वेळी मावशीचा आवाज द्यायला दुसऱ्याच एक बाई यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत, म्हणून मास्तरांनी ताईला माईकपुढे बसवलं. ताई त्या दिवशी स्टुडिओत आली होती ती मी घरी विसरलेला चष्मा द्यायला.